शेणखताचा सौदा : ट्रॉली मोजावी की नत्र?

कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक येऊन "एक ढीग कापड द्या" असे कधी म्हणत नाही. मीटर मोजला जातो, पन्हा पाहिला जातो, सुताचा नंबर विचारला जातो, आणि मगच भाव ठरतो. पण आपल्या नाशिक जिल्ह्यात दरसाल लाखो रुपयांचा एक माल असा विकला जातो की ज्यात ना वजन, ना प्रत, ना नमुना. तो माल म्हणजे शेणखत. तबेलेवाला म्हणतो ट्रॉली भरली, बागाईतदार म्हणतो ट्रॉली भरली पण माल नाही. आणि दोघांच्या वर्षानुवर्षांच्या व्यवहारात कटुता येते.

असाच एक तंटा गेल्या वर्षी आमच्या दुकानाच्या गादीवर आला. एकीकडे शहराच्या कडेला दहा जनावरांचा तबेला चालवणारा आपल्यातला एक तरुण, दुसरीकडे दिंडोरी तालुक्यातला द्राक्ष बागाईतदार. वर्षभराचे शेणखत उक्ते ठरले होते. बागाईतदाराचे म्हणणे, "शेठ, खतात दम नाही, बागेला काही लागूच पडले नाही." तरुणाचे म्हणणे, "चाचा, माझ्या जनावरांचे सगळे शेण यांनाच दिले, एक पाटी दुसऱ्याला दिली नाही." आम्ही मापाचा धंदा करतो म्हणून निवाडा आमच्याकडे. पण खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्हाला काहीच सांगता आले नाही. उर्दू शाळेत शिकलेल्या आम्हाला नायट्रोजनला मराठीत नत्र म्हणतात हे सुद्धा खताच्या गोणीवर वाचूनच कळलेले. मग जाणकारांना विचारले, पुस्तके चाळली, पाटी-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. तो हिशेब इतका सोपा निघाला की तो आपल्या तबेलेवाल्या आणि व्यापारी बांधवांपुढे ठेवावा असे वाटले.

जमाखर्चाची वही

जनावराला एक दुकान समजा. दुकानात जेवढा माल येतो तेवढाच विक्रीला जातो किंवा शिल्लक राहतो. हवेतून माल येत नाही. नत्राचे तसेच आहे. गाय-म्हैस हवेतला नत्र घेऊ शकत नाही. जो नत्र तिच्या पोटात जातो तो सगळा गव्हाणीतून, म्हणजे चारा आणि खाद्यातून जातो. बाहेर पडण्याच्या वाटा तीन : दूध, शेण आणि मूत्र. वाढत्या कालवडीच्या किंवा गाभण गाईच्या अंगी थोडा नत्र मुरतो, पण पूर्ण वाढलेल्या जनावराच्या बाबतीत तो इतका थोडा असतो की हिशेबात सोडला तरी चालतो.

म्हणून सूत्र असे :

गव्हाणीतला नत्र वजा दुधातला नत्र म्हणजे शेण-मूत्रातला नत्र.

शेण न हुंगता, न तपासता, केवळ खाद्याची पावती आणि दुधाची वही पाहून हा आकडा काढता येतो. हीच यातली खुबी आहे.

आता नत्र मोजायचा कसा? प्रथिनावरून. प्रथिनात वजनाने सरासरी १६ टक्के नत्र असतो. म्हणून प्रथिनाच्या वजनाला ६.२५ ने भागले की नत्र निघतो. दुधाच्या प्रथिनाची ठेवण थोडी वेगळी, तिथे ६.३८ ने भागतात. डेन्मार्कचे रसायनशास्त्रज्ञ योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये नत्र मोजण्याची रीत शोधून काढली. खाद्याच्या गोणीवर प्रथिनाचे जे टक्के छापलेले असतात ते मुळात याच रीतीने नत्र मोजून आणि त्याला ६.२५ ने गुणून काढलेले असतात. आपण तोच हिशेब उलटा करतो, एवढेच.

एका गाईचा हिशेब

४०० किलो वजनाची संकरित गाय घेऊ. दूध दिवसाला १० लिटर. तिच्यापुढे रोज पडणारा माल असा धरू :

हिरवा मका २० किलो. यात पाणीच जास्त, प्रथिन साधारण ३५० ग्रॅम.
ज्वारीचा कडबा ४ किलो. प्रथिन साधारण १५० ग्रॅम.
तयार पशुखाद्य ५ किलो, गोणीवर २० टक्के प्रथिन छापलेले. प्रथिन १००० ग्रॅम.

एकूण प्रथिन १५०० ग्रॅम. त्याला ६.२५ ने भागा : २४० ग्रॅम नत्र. ही झाली जमा.

आता खर्च. गाईच्या एक लिटर दुधात साधारण ३३ ग्रॅम प्रथिन असते. दहा लिटरचे ३३० ग्रॅम. ६.३८ ने भागा : सुमारे ५२ ग्रॅम नत्र. हा दुधावाटे डेअरीला गेला.

बाकी राहिले १८८ ग्रॅम. म्हणजे खाद्यासाठी मोजलेल्या नत्राच्या शंभरातला फक्त बावीसचा वाटा दुधात गेला आणि अठ्ठ्याहत्तरचा वाटा गाईच्या पायाखाली पडला. हा गाईचा दोष नव्हे. दुभत्या जनावराचा दुधातला वाटा सरासरीने साधारण चौथ्या हिश्श्याच्या आसपासच राहतो. पण ज्या तबेलेवाल्याने गोणीचे पैसे दिले त्याने हे समजून घ्यावे की त्याच्या खाद्यातले तीन चतुर्थांशाहून जास्त नत्र अजून त्याच्याच गोठ्यात आहे. तो त्याचाच माल आहे.

आपला आकडा बरोबर आहे की नाही हे पडताळून पाहण्याची एक सोय आहे. हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय समितीने २००६ मध्ये जी मार्गदर्शिका काढली तिच्यात आशियातल्या दुभत्या गाईसाठी दर १००० किलो वजनामागे रोज ०.४७ किलो नत्र धरला आहे. ४०० किलोच्या गाईला हा आकडा १८८ ग्रॅम येतो. त्यांचा आकडा ढोबळ सरासरीचा आणि आपला एका गोठ्याचा, तेव्हा इतका तंतोतंत मेळ योगायोगानेच बसला. पण आपली वाट चुकलेली नाही एवढे यावरून कळते. म्हशीसाठी त्याच मार्गदर्शिकेत ०.३२ किलो धरला आहे, म्हणजे ५०० किलोच्या म्हशीला १६० ग्रॅम. म्हशीचा स्वतःचा हिशेब मांडायचा तर रीत तीच, फक्त लिटरमागे दुधातले प्रथिन ३३ ऐवजी साधारण ४० ग्रॅम धरावे.

एक सावधगिरी मात्र पाहिजे. परदेशी पुस्तकातला आकडा उचलून आपल्या तबेल्याला लावू नये. अमेरिकेतल्या शेती अभियंत्यांच्या संस्थेने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रमाणकात दुभत्या गाईचे शेण-मूत्र मिळून रोज ६८ किलो आणि नत्र ४५० ग्रॅम धरले आहे. पण ती गाय रोज ४० किलो दूध देणारी आणि त्याच मानाने खाणारी. आपल्याकडची डांगी गाय, राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले त्रिवेणी आणि तबेल्यातली म्हैस या तिघींचा सुद्धा एकमेकींशी मेळ बसत नाही, मग अमेरिकेच्या गाईशी कुठून बसणार? म्हणून आकडा उसना घेऊ नका, गव्हाणीवरून काढा.

शेण किती पडेल?

नत्राचा हिशेब झाला, आता वजनाचा. हा सुद्धा गव्हाणीवरूनच निघतो. खाद्यातले पाणी वगळून जो सुका माल उरतो तो मोजायचा. हिरव्या मक्यात सुका माल शंभराला बावीस, कडबा आणि पशुखाद्यात शंभराला नव्वद. वरच्या गाईचा सुका माल झाला ४.४ अधिक ३.६ अधिक ४.५, म्हणजे १२.५ किलो. यातला साधारण साठ टक्के पचतो, चाळीस टक्के न पचता शेणात येतो. म्हणजे ५ किलो सुके शेण. ताज्या शेणात पाच भागांत चार भाग पाणी असते, म्हणून ओले शेण झाले ५ गुणिले ५, म्हणजे २५ किलो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने डेअरी आणि गोशाळांसाठी २०२० मध्ये ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या त्यांत ४०० किलोच्या जनावराचे शेण रोज १५ ते २० किलो धरले आहे. तो सर्वसाधारण जनावराचा आकडा आहे. भरपूर खाणाऱ्या दुभत्या गाईचा आकडा त्याहून वर जातो, भाकड जनावराचा त्याच्या आत राहतो. शंका असेल तर एक दिवस-रात्र एका जनावराचे शेण पाटीत गोळा करून काट्यावर घाला. कागदावरच्या हिशेबापेक्षा काटा खरा.

नत्राची वाटणी शेण आणि मूत्र यांच्यात जवळजवळ निम्मी-निम्मी होते. आपल्या गाईचे १८८ ग्रॅम घेतले तर साधारण ९० ग्रॅम शेणात आणि ९८ ग्रॅम मूत्रात. ही वाटणी नीट ध्यानात ठेवा, कारण तंट्याचे मूळ इथेच आहे.

दहा जनावरांचा वर्षाचा ताळेबंद

गाय वर्षभर दुधावर नसते. ३०५ दिवस दुधाचे आणि ६० दिवस भाकड धरू. भाकड काळात खाद्य कमी, नत्र सुद्धा कमी, रोजचे १२० ग्रॅम धरू, निम्मे शेणात आणि निम्मे मूत्रात. मग एका गाईमागे वर्षाला शेणातून ३१ किलो आणि मूत्रातून साडेतेहतीस किलो नत्र. दहा जनावरांचे :

शेणातून ३१० किलो,
मूत्रातून ३३५ किलो,
एकूण ६४५ किलो नत्र.

युरियात ४६ टक्के नत्र असतो. २०१८ पासून युरियाची गोणी ४५ किलोची झाली, तेव्हा एका गोणीत २०.७ किलो नत्र. म्हणजे दहा जनावरांचा तबेला वर्षाला युरियाच्या ३१ गोण्यांइतका नत्र तयार करतो.

आता बागाईतदाराच्या बांधावर काय पोचले ते पाहू. त्या तबेल्यात फरशी धुतली जाते आणि मूत्र मोरीवाटे गटारात जाते. ३३५ किलो, म्हणजे सोळा गोण्या, तिथेच गेल्या. उरले शेणातले ३१० किलो. ते शेण उघड्यावर उकिरड्यात टाकलेले, वरून ऊन, पाऊस, वारा. अशा ढिगातून तीस टक्के नत्र उडून आणि झिरपून जातो असे धरले तरी उरले सुमारे २१७ किलो.

दुसऱ्या बाजूने पडताळा घेऊ. दहा जनावरांचे वर्षाचे ओले शेण साधारण ८८ टन. कुजून, आटून ते निम्मे होते, म्हणजे ४४ टन. आपल्याकडच्या साध्या शेणखतात अर्धा टक्का नत्र असतो असे शेतीची पुस्तके सांगतात. ४४ टनांचा अर्धा टक्का म्हणजे २२० किलो. दोन्ही वाटांनी आकडा एकच येतो.

म्हणजे ६४५ मधले २१७ पोचले. तीन हिश्श्यांपैकी एक. दोन हिस्से वाटेतच गेले. आमच्या गादीवर बसलेले ते दोघेही खरे बोलत होते. तरुणाने शेणाची एक पाटीही लपवली नव्हती, आणि बागाईतदाराला खतात दम दिसला नव्हता. चोर तिसराच होता : गटार आणि हवा.

नत्र उडतो कसा?

मूत्रातला बहुतेक नत्र युरियाच्या रूपात असतो. गोणीतला युरिया आणि हा युरिया पदार्थ म्हणून एकच. शेणातल्या जंतूंमध्ये युरियेज नावाचे एक द्रव्य असते. मूत्र शेणाला भिडले की हे द्रव्य काही तासांत युरिया फोडून अमोनिया करते, आणि अमोनिया हा वायू असल्यामुळे हवेत जातो. सकाळी बंद गोठ्याचे दार उघडल्यावर नाकाला जो झणका लागतो आणि डोळ्यांत पाणी येते, तो हाच अमोनिया. तबेलेवाल्याने तो वास म्हणजे आपल्या गल्ल्यातली नोट उडून चालली असे समजावे.

ही गोष्ट नवी नाही. जॉन ऑगस्टस व्होल्कर नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने हिंदुस्थानच्या शेतीवर १८९३ मध्ये मोठा अहवाल प्रसिद्ध केला. शेण जळणात जाते आणि जनावरांचे मूत्र वाया जाते हे त्याने त्या वेळीच लिहून ठेवले. पुढे होळकरांच्या इंदुरात अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी कंपोस्टची पद्धत बसवली आणि १९३१ मध्ये पुस्तक लिहिले. त्यांच्या पद्धतीत गोठ्याची मूत्र मुरलेली माती हा खताचा एक मुख्य जिन्नस होता. आपल्या विदर्भात पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी थोड्या शेणात जास्त खत करण्याची नाडेप पद्धत गावोगाव नेली. या सगळ्यांचे सार एकच आहे : शेण, मूत्र आणि काडीकचरा एकत्र ठेवा, झाकून ठेवा, ओल राखा.

माल वाचवायचा कसा?

पहिली गोष्ट, मूत्र मुरवा. जनावराखाली रोज दोन-तीन किलो वाळलेला काडीकचरा, उसाचे पाचट, कडब्याची वाया गेलेली चिपाडे किंवा कोरडी माती पसरावी आणि सकाळी शेणाबरोबर खड्ड्यात न्यावी. पक्की फरशी असेल तर तिला उतार देऊन मूत्र एका लहान हौदात घ्यावे आणि तेच खताच्या ढिगावर शिंपडावे. फरशी धुण्याआधी शेण-मूत्र खराट्याने ओढून घेतले तर पाणीही कमी लागते.

दुसरी गोष्ट, ढीग झाका. छपराखाली किंवा झाडाच्या सावलीत खड्डा असावा, वर मातीचा पातळ थर द्यावा. ओल इतकी असावी की मूठ दाबली तर हात ओला व्हावा पण पाणी गळू नये. धुतलेले कापड चांगले पिळल्यावर जसे लागते तसे. ढिगात थोडे सुपर फॉस्फेट मिसळले तर त्यातल्या जिप्सममुळे अमोनिया बांधला जातो आणि खताला स्फुरदही मिळते.

तिसरी गोष्ट आपल्या धंद्याची. मालेगावकडच्या पॉवरलूमचा सुती कचरा कुजतो, पण पॉलिस्टरचा धागा कुजत नाही. तो खतात गेला तर वर्षानुवर्षे मातीत राहील आणि बागाईतदार पुन्हा तुमच्या दारी येणार नाही. सुती आणि पॉलिस्टर वेगळे करता येत नसेल तर असा कचरा खतात टाकूच नये.

चौथी गोष्ट गोबर गॅसची. २५ किलो ताज्या शेणापासून साधारण एक घनमीटर गॅस मिळतो. दहा जनावरांच्या २५० किलोंतून दहा घनमीटर. गॅसमध्ये कार्बन जातो, नत्र जवळजवळ सगळा बाहेर येणाऱ्या रबडीत राहतो. चूलही पेटते आणि खतही राहते. पण ती रबडी उघड्यावर उन्हात वाळवली तर अमोनिया पुन्हा उडतोच, म्हणून ती काडीकचऱ्यावर ओतून मुरवावी.

एवढे केले आणि मूत्रातला निम्मा नत्र हाती लागला, शेणातली तूट तीसवरून वीस टक्क्यांवर आली असे धरले, तर १६७ अधिक २४८ म्हणजे ४१५ किलो नत्र बांधावर पोचतो. २१७ चे ४१५, जवळजवळ दुप्पट. जनावरे तीच, खाद्य तेच.

पाचवी गोष्ट गव्हाणीचीच. गरजेपेक्षा जास्त प्रथिन खाऊ घातले तर दूध वाढत नाही, जास्तीचे नत्र मूत्रावाटे बाहेर पडते. २०१२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय डेअरी योजनेत राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळाने गावोगाव समतोल आहाराचा सल्ला दिला तो याचसाठी. आपल्या वहीत दुधाचा वाटा बावीसऐवजी पंधरा-सोळा टक्के येऊ लागला तर समजावे की गोणीचे पैसे मोरीत चालले आहेत.

बागाईतदाराने काय पाहावे?

घेणाऱ्याच्या बाजूनेही दोन शब्द. ट्रॉली म्हणजे माप नव्हे. ट्रॉलीची लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजून गुणाकाराला १०० ने भागा, म्हणजे ब्रास निघतो. १० बाय ६ बाय २ फुटांची ट्रॉली १.२ ब्रास भरते. एका ब्रासमध्ये शेणखत साधारण दीड ते दोन टन बसते, ओल आणि दाबणीप्रमाणे. तेव्हा एका ट्रॉलीत दोन टन धरा. अर्धा टक्का नत्राने १० किलो नत्र, युरियाच्या अर्ध्या गोणीइतका.

वजनावर घ्यायचे तर ओल तपासा. एक किलो खत उन्हात पूर्ण वाळवून पुन्हा तोला. ४०० ग्रॅम उरले तर साठ टक्के पाणी. ८०० ग्रॅम उरले तर एकतर खत फार सुके आहे किंवा मातीच जास्त आहे. मातीची परीक्षा साधी : मूठभर खत बादलीभर पाण्यात ढवळा, वाळू-माती तळाशी बसते. कापडाचा मीटर मोजला म्हणजे ट्रॉली मोजली, पन्हा पाहिला म्हणजे ओल पाहिली, आणि सुताचा नंबर म्हणजे नत्राचे टक्के. नंबर डोळ्यांनी दिसत नाही, त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत द्यावा. मोठा सौदा असेल तर तपासणीचा खर्च त्याच्यापुढे काहीच नाही. सल्ल्यासाठी नाशिकला मुक्त विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. केवळ नत्रासाठी शेणखत घेणे परवडत नाही. युरियाची गोणी सरकारी अनुदानामुळे सुमारे २६६ रुपयांना पडते, म्हणजे नत्र किलोला तेरा रुपये. त्या भावाने ट्रॉलीतला दहा किलो नत्र १३० रुपयांचा झाला, आणि त्या पैशात ट्रॉलीचे भाडेही सुटत नाही. शिवाय शेणखतातला सगळा नत्र पहिल्या वर्षी मिळत नाही, साधारण तिसरा हिस्सा मिळतो, बाकीचा पुढे हळूहळू. बागाईतदार जे पैसे मोजतो ते मातीत कस राहावा, पाणी धरले जावे, मुळी चालावी, स्फुरद, पालाश आणि सूक्ष्म द्रव्ये मिळावीत यासाठी.

मग नत्र मोजायचा कशाला? तीन कारणांसाठी. एक, नत्र हा खताचा साक्षीदार आहे. ज्या ढिगातून नत्र गेला त्यातून मूत्रातला पालाशही गेला, कारण जनावराचा बहुतेक पालाश मूत्रातूनच पडतो. दोन, द्राक्षबागेत नत्र जास्त झाला तरी नुकसान. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत पुढच्या घडांची बीजे तयार होतात. त्या वेळी नत्र भारी पडला तर वेल पाल्यावर जातो आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड कमी निघतात. शेणखतातून किती नत्र आला हे कळले तर गोणीतला तेवढा कमी करता येतो. आणि तिसरे कारण आपल्या शहराचे.

गटारात गेलेला माल

मोरीतला नत्र नाहीसा होत नाही. आपल्या शहरात तो नासर्डी-वाघाडीसारख्या नाल्या-नद्यांतून गोदावरीत जातो किंवा झिरपून विहिरी-बोअरच्या पाण्यात उतरतो आणि तिथे त्याचा नायट्रेट होतो. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावा असे भारतीय मानक सांगते, कारण जास्त नायट्रेट तान्ह्या मुलांच्या रक्ताला बाधतो. एक किलो नत्राचे ४.४३ किलो नायट्रेट होतात. एवढा नायट्रेट सुमारे ९८ हजार लिटर स्वच्छ पाण्याला त्या मर्यादेपर्यंत न्यायला पुरतो. दहा जनावरांच्या तबेल्यातून वर्षाला ३३५ किलो जातो. गुणाकार वाचकांनीच करावा.

प्रदूषण मंडळाच्या २०२० च्या सूचना २०२१ मध्ये सुधारल्या गेल्या. शेण गटारात सोडू नये, त्याचे खत किंवा गॅस करावा असाच त्यांचा रोख आहे. उद्या अधिकारी दारात येऊन विचारेल की तुमच्याकडे रोज किती शेण पडते आणि ते कुठे जाते, तेव्हा "अंदाजे" या उत्तराने भागणार नाही. ज्याच्याकडे वही आहे त्याच्याकडे उत्तर आहे. आणि शहरातला तबेला टिकवायचा असेल तर आपल्या गल्लीतल्या शेजाऱ्यालाही हेच उत्तर द्यावे लागणार आहे.

तंट्याचा शेवट

त्या दोघांना आम्ही पुन्हा बोलावले आणि हा हिशेब पुढे ठेवला. तरुण बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "चाचा, म्हणजे मी सोळा गोण्या दरसाल गटारात ओततो?" बागाईतदार हसून म्हणाला, "आणि मी राहिलेल्या गोण्यांवरून याच्याशी भांडतो." जुन्या सौद्याची बाकी दोघांनी निम्मी-निम्मी सोसली. नवा सौदा कागदावर झाला : भाव ब्रासवर, दर पाचव्या ट्रॉलीची ओल तपासायची, वर्षातून एकदा नमुना प्रयोगशाळेत, त्याचा खर्च दोघांचा. गोठ्यात पाचट बागाईतदार पुरवणार, कारण ते परत त्याच्याच बागेत येणार. मोरीच्या तोंडाशी आता हौद बांधला आहे.

माप पुरे द्या आणि पुरे घ्या, ही आपल्याला लहानपणापासूनची शिकवण. पण जो माल मापताच येत नाही असे समजून आपण उक्ता देतो, तिथे इमानदार माणूससुद्धा नकळत कमी माप देऊन बसतो. तबेलेवाल्या बांधवांनी आज रात्री एवढेच करावे. खाद्याच्या गोणीवरचे प्रथिनाचे टक्के वाचावेत, दुधाची वही उघडावी आणि एका जनावराचा हिशेब मांडावा. पंधरा मिनिटांचे काम आहे, आणि त्यानंतर मोरीकडे पाहण्याची नजर बदलते.